मंजुळामावशीचा बर्फ

घाटकोपरच्या आमच्या बाजारातून मासे आणायचे तर दोन गोष्टी जमाव्या लागतात. एक, मेथीची मोठी जुडी. दुसरी, मंजुळामावशीची मर्जी. मेथी अशासाठी, की आमची सोसायटी जवळजवळ सगळी शाकाहारी आहे. पिशवीत तळाला मांदेली आणि वर मेथी अशी रचना करूनच मी लिफ्टमध्ये शिरते. सेक्रेटरीकाका मेथीकडे बघतात, मान हलवतात आणि भाव विचारतात. त्यांना वास येत नसेल असं अजिबात नाही, पण इतकी वर्षं आम्ही दोघांनी मेथीचा मान राखला आहे. मंजुळामावशीच्या मर्जीला मात्र असा काही उपाय नाही.

ही माहुलच्या कोळीवाड्यातली बाई. वय साठीच्या पुढे-मागे, अंगाने ऐसपैस, अंबाड्यावर अबोलीची वेणी, आणि आवाज असा की तिने हळू सांगितलेलं गुपित बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या कोथिंबीरवाल्यालाही कळतं. गिऱ्हाइकाने माशाचा कल्ला जरा जास्त वेळ उघडून पाहिला की ती विचारते, "नीट बग गो. लगीन लावाचा हाय का त्याचेशी?" भाव कमी करा म्हटलं तर कोयता खाली ठेवून ती आपल्याला सोडून बाकी सगळ्यांकडे बघायला लागते. तरी गर्दी तिच्यापुढेच. शेजारी बसणारी सुंदराबाई बिचारी गोड बोलते, वजनात झुकतं माप देते, आणि माश्या वारत बसते.

आम्ही मूळचे जालन्याकडचे. समुद्राचा मासा आमच्या घराण्यात कोणी पाहिलेला नव्हता. लग्नानंतर मी पहिल्यांदा या बाजारात आले आणि बोंबील हातात धरून विचारलं, "याला खवले नाहीत, आजारी आहे का?" मावशीने सगळ्या कोळणींना हाका मारून मला दाखवलं. त्या अपमानातून आमची मैत्री सुरू झाली. आता बुद्धपौर्णिमेला माझ्या घरची खीर तिच्याकडे जाते आणि नारळीपौर्णिमेला तिचा नारळीभात माझ्याकडे येतो. खिरीला ती दरवर्षी नावं ठेवते आणि डबा दरवर्षी चाटूनपुसून परत येतो.

पण मावशी म्हटली की आधी आठवतो तो तिचा बर्फ. माहुलच्या खाडीत आता तेलकट चिखलच जास्त, म्हणून ती पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन माल घेते, आणि मालाच्या आधी बर्फ घेते. थर्माकोलच्या पेटीत एक थर बर्फाचा चुरा, एक थर मासे, परत चुरा. मध्येच एखादा खडा स्वतःच्या तोंडात टाकून कडाकडा चावणार. तिचा नवरा बळवंत तरुणपणी मासेमारीला निघणाऱ्या मोठ्या होड्यांच्या पोटात बर्फ भरायचा. लग्न ठरलं तेही बर्फाच्या कारखान्याच्या दारात, असं ती लाजून सांगते. तिचं एकच तत्त्वज्ञान, आणि ते ती प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट देते: "बरफानं आजवर कोनाचा वाकडा नाय झाला."

अशा बाईचा मुलगा बर्फ काढायच्या नोकरीला लागावा, ही देवाने केलेली थट्टाच म्हणायची.

दिपेश हा तिचा एकुलता एक. आधी इथेच विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होता, मग कसला तरी कोर्स करायला कॅनडाला गेला आणि तिकडच्या एका लहानशा थंड गावातल्या विमानतळावर चिकटला. काम काय, तर हिवाळ्यात उड्डाणाआधी विमानावर बसलेला बर्फ उडवायचा. ट्रकला जोडलेल्या उंच पाळण्यात उभं राहायचं आणि पंखांवर, शेपटीवर गरम औषध फवारायचं. मावशीला हे कळलं तेव्हा ती बराच वेळ हसत होती. "मी पैका देऊन बरफ टाकतंय, आनि यो पैका घेऊन काडतंय! अरं, तिकडं फुकट पडतंय त गोला कर ना, मी इकते हितं." नंतर तिला ते भूषणच वाटायला लागलं. पापलेट साफ करता करता ती गिऱ्हाइकांना सांगायची, "माजा पोर इमान धुतंय." दोनशे माणसं त्याच्या जिवावर उडतात, असंही जोडायची. ती विमानं वीस-पंचवीस माणसांची आहेत, हे मी तिला एकदाच सांगितलं आणि त्या दिवशी मला सगळ्यात बारीक कोळंबी मिळाली.

दिपेशचा फोन सकाळी यायचा, बाजार भरात असताना. मावशीचे हात माशाचे, त्यामुळे फोन पेटीवर उभा आणि स्पीकर चालू. आई-मुलाचं भांडण सगळा बाजार ऐकायचा. त्यात नवं काही नसायचं. ती म्हणणार टोपी घाल, तो म्हणणार घातलीय. ती म्हणणार खोटं बोलतोस, आणि तो खरंच खोटं बोलत असायचा. "कवा माजा ऐकला असल त शप्पत," असं मला म्हणून ती फोन बंद करायची.

या जानेवारीत मात्र तो थकलेला वाटला. थंडी फार पडली होती, पाळण्यात उभं राहून बोटं बधिर होतात, एकच विमान पुन्हा पुन्हा फवारावं लागतं, असं सांगत होता. मावशी सुरमईचे तुकडे करत होती. ती म्हणाली, "येवढा काय पुसत बसतंस? थोडा ऱ्हाला पाठीवर, त ऱ्हावं दे. बरफानं आजवर कोनाचा वाकडा नाय झाला. तू घरान जा, गरम जेव." आम्ही सगळ्या हसलो. सुंदराबाईसुद्धा हसली.

त्यानंतर दोन-चार दिवसांनीच त्या गावाहून निघालेलं एक प्रवासी विमान पडलं. उडाल्यावर थोड्याच वेळात, गोठलेल्या एका तळ्याच्या काठी. आत होते तेवढे सगळे गेले. बातमी मावशीला वाचून दाखवली ती मीच. तिच्यापर्यंत उडत उडत आली होती, आणि नीट कळावी म्हणून तिने मला थांबवून घेतलं. मी मोबाइलवर शोधून वाचत गेले. वैमानिक एक तरुण बाई होती, त्याच गावची. शेवटी लिहिलं होतं की पंखांवर बर्फ साचल्यामुळे विमान तोल जाऊन कोसळलं असावं, असा अंदाज आहे, आणि उड्डाणाआधी बर्फ काढण्याचं काम नीट झालं होतं का याचीही चौकशी होणार आहे. मी वर पाहिलं तर मावशीने तोंडातला बर्फाचा खडा हातावर काढून घेतला होता आणि त्याच्याकडे बघत होती.

दिपेशचा एक फोन आला. मी ठीक आहे, काम बंद आहे, काळजी करू नको. मग तो फोन उचलेनासा झाला. नुसतं "बरा आहे" एवढं लिहून पाठवायचा.

बातमी वाचली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मंजुळामावशीच्या पेटीत बर्फ नव्हता.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. थंडीचे दिवस, माल थोडा, वर ओलं गोणपाट. कोणी विचारलं तर ती म्हणे, "ताजा हाय, बरफ कशाला?" पण मुंबईची थंडी ती किती! अकरा वाजेपर्यंत बोंबील पेटीतच विरघळायला लागायचे. जुनी गिऱ्हाइकं नाक मुरडून एकेक करून सुंदराबाईकडे सरकली. बाजारात बोलवा झाली की म्हातारी कंजूष झाली, बर्फाचे पैसे वाचवते. सुंदराबाई दोन दिवस खूश होती. तिसऱ्या दिवशी तिने गुपचूप आपला चुरा मावशीच्या पेटीत ओतला, आणि मावशीने तो ओंजळीओंजळीने उचलून गटारात टाकला.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी माझ्या ऑफिसच्या मार्चअखेरीत बुडालेली. एका रविवारी मांदेली नेली, घरी पिशवी उघडली आणि मेथीसकट सगळं टाकावं लागलं. मला राग लवकर येतो, आणि आला की मी तो वाया घालवत नाही. तशीच पायऱ्या उतरून बाजारात गेले आणि सगळ्यांसमोर तिला फैलावर घेतलं. इतक्या वर्षांची ओळख, आणि मला सडका माल? जालन्याची समजून फसवतेस होय गं मावशी?

एवढं बोलून मी दम घ्यायला थांबले, कारण आता तिची पाळी होती. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायला हवा होता. पण ती नुसती म्हणाली, "चुकला गो बाय. दुसरं ने." आणि मान खाली घातली. ही बाई भांडत नाही म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय.

मी सुंदराबाईची रिकामी पेटी ओढून बसले. "बर्फ का टाकला नाहीस?"

तिने कोयत्यावरचा एक खवला नखाने खरवडून काढला. मग आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज इतका खाली आला की मला वाकून ऐकावं लागलं. "बाय, त्या दिशी मी काय बोल्ली त्याला? थोडा ऱ्हाला त ऱ्हावं दे, बोल्ली ना मी?"

"मग?"

"त्यानं माजा ऐकला असल त?"

हिच्या तोंडच्या ज्या वाक्याला आम्ही सगळ्या हसलो होतो, त्याच्या ओझ्याखाली ही बाई दीड महिना एकटी बसली होती. "अगं, विचार ना त्याला," मी म्हटलं.

"कसा इचारू? हो बोलला त?" ती म्हणाली. "हो बोलला त मी काय करू? तेवढी सगली मानसं..." आणि तिने पदर तोंडात कोंबला. बळवंतला बोललीस का, विचारलं, तर म्हणे त्याला सांगून काय होणार, तो मुळातच अबोल. बर्फाकडे बघवत नाही म्हणाली.

मी तिला तिथून उठवलं आणि घरी घेऊन आले. लिफ्टमध्ये सेक्रेटरीकाका होते. आज ना मेथी होती, ना काही आडपडदा. मंजुळामावशी टोपलीसकट त्यांच्याशेजारी उभी. काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नाकाकडे गेलेला आपला हात खाली घेतला, आणि चौथ्या मजल्यापर्यंत श्वास धरून उभे राहिले. चांगले आहेत तसे ते.

घरात ती खुर्चीवर बसेना, जमिनीवर बसली. मी माझ्या फोनवरून दिपेशला लिहिलं: माधुरीताई बोलतेय, आई माझ्याकडे बसली आहे, रडतेय, उचल. आणि व्हिडिओ लावला. लगेच उचलला त्याने. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, डोक्यावर टोपी. घरात होता तरी टोपी.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

मावशीने फोन दोन्ही हातांनी धरला. "दिप्या, खरा सांग. त्या इमानावरचा बरफ तू सगला काडलास ना? मी बोल्ली होती, थोडा ऱ्हावं दे. तू माजा ऐकलास त नाय ना रे?"

प्रश्न त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला असावा. मग म्हणाला, "आई, मी आजवर तुझं कधी ऐकलंय का?"

मावशीचं तोंड उघडं राहिलं. "नाय," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "नाय, कवाच नाय!" आणि हसता हसता रडायला लागली. "खाडीन पवू नको बोल्ली, पवला. परदेशी नको बोल्ली, गेला. सुंदराबाईचे भाचीला बगून घे बोल्ली, त मोबाइल बगत बसला. मेल्या, तू कवा माजा ऐकलास!" इतक्या तक्रारी इतक्या आनंदाने सांगितलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. मीही रडत होते, हे आता सांगायला हरकत नाही.

मग त्याने नीट सांगितलं. ते विमान त्याने दोनदा फवारलं होतं. चौकशीवाल्यांनी टाकीतल्या औषधाचा नमुना नेला, कॅमेरे पाहिले, त्याचं काम चोख होतं असं त्याला सांगितलं. बर्फ धरला तो वर, ढगांत गेल्यावर. त्या ढगांत पाणी गोठायला टपलेलंच होतं, विमानाला लागलं की तिथेच बसत होतं. विमान आपला बर्फ आपण काढतं थोडाफार, पण तो धरत गेला त्यापुढे काही चाललं नाही.

"मंग माजा फोन का नाय उचलत?" हसणं संपून मावशी आता मूळ पदावर आली होती.

"काय सांगू तुला? फवारून झालं की मी पाळण्यातून अंगठा दाखवतो. पायलट हात करते. मग विमान हलतं. मी अंगठा दाखवला, आई. तिने हात केला. तिची आई याच गावात राहते, दुकानाच्या वाटेवर घर आहे. मी दीड महिना मागच्या रस्त्याने जातोय. कामावर बोलावलंय, जाववत नाही."

मला वाटलं आता मावशी त्याची समजूत काढेल, तुझी चूक नव्हती रे वगैरे. तसं काही ती बोलली नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "आपले कोलीवाड्यान व्हडी परत नाय आली त त्यांचे घरी पयला कोन जातंय?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बरफ भरनारा जातंय. तुजा बापूस गेल्ता, तू लहान व्हतास. चूक त्याची व्हती म्हनून नाय गेला. व्हडीला शेवटचा हात त्याचा लागला म्हनून गेला. उंबऱ्यान बसला. ती बाय त्याला इचारत व्हती, निगताना कसा व्हता माजा नवरा? हसत व्हता का? जेवला व्हता का? ह्ये दुसरा कोन सांगल तिला? तुज्या बापसानंच सांगला." तिने फोन आणखी जवळ धरला. "त्या पोरीनं हात केला, त्यो कोनी बगला? तूच ना? मंग तिचे आवशीला कोन सांगल?"

"आई, इथे असं कोणी करत नाही. लोक फुलं ठेवतात, निघून जातात. मी ओळखीचा पण नाही."

"दर्या नाय तिकडं, म्हनून काय आवशी नाय काय?" मावशी म्हणाली. "जा. काय बोलू नको. इचारील तेवढाच सांग. खायला दिला त नाय बोलू नको." आणि नेहमीप्रमाणे तिचं बोलून झाल्यावर तिने फोन बंद केला. माझा फोन, पण तिला त्याचं काही नव्हतं.

त्यानंतर आठवडाभर पेटी कोरडीच राहिली. मी विचारलं की ती फक्त हात हलवायची. मला तर वाटत होतं तो काही जायचा नाही. परक्या देशात, परक्या दारात जाऊन काय म्हणणार, मी विमानाला अंगठा दाखवला होता? माझी तरी हिंमत झाली नसती.

मग एका सकाळी मी बाजारात शिरले तर लांबूनच आवाज. कल्ला बघणाऱ्या एका तरुणाला ती त्याच्या लग्नाबद्दल विचारत होती. पेटीत बर्फ होता, शिगोशीग, चुरा कडेवरून सांडत होता. सुंदराबाईचा चेहरा पुन्हा पडलेला होता आणि तरी ती हसत होती.

"गेला," मावशीने मला बघताच सांगितलं. मग कोयता खाली ठेवून, हात न पुसता, सगळं सांगितलं. तो त्या पायलट पोरीच्या घरी दारात उभा राहिला तेव्हा तिच्या म्हाताऱ्या आईला वाटलं कोणी काही विकायला आलंय. त्याने कोण ते सांगितलं. तिने त्याला आत घेतलं, चहा दिला, आणि मग विचारलंच, जशी मावशी म्हणाली होती तशीच: कशी होती? दिपेशने सांगितलं की हसत होती, डोक्यावर विणलेली लाल टोपी होती, ती काढून तिने कानांवर लावायचं यंत्र चढवलं आणि मग हात केला. ती टोपी म्हातारीनेच विणलेली. म्हातारीने त्याच्याकडून ते पुन्हा सांगून घेतलं, आणि परत एकदा. निघताना म्हणाली, पुढच्या रविवारी ये. तो सोमवारी कामावर गेला.

मावशीने चुऱ्यात हात घातला, मूठभर घेतला, जरा वेळ तसाच धरून ठेवला. बोटांमधून पाणी ठिबकत होतं. मग माझ्या मांदेलीवर टाकला.

"बाय गो," ती म्हणाली, "पयल्यांदा ऐकला त्यानं माजा."